दत्तूभाऊंनी निवडलेला कॅमशाफ्ट

अक्कांचा फोन आला तेव्हा मी गारखेड्याच्या घरी दाढी करत होतो. अर्ध्या गालाला साबण, त्यामुळं फोन कानाला लावता येईना, स्पीकरवर टाकला. अक्का म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण, दत्तूभाऊंची बायको. "दाजी, यांना दवाखान्यात आणलंय. पहाटपासून छातीत दुखत होतं..." मी विचारलं, "अँब्युलन्स लवकर आली का?" म्हणाल्या, "तिची वाट नाय बघितली. मीच घेऊन आले. गाडीत." मी तोंड तसंच पुसलं आणि निघालो. पोचलो तोवर डॉक्टरांनी तोंडावर कापड ओढलं होतं. अक्का बाकावर बसल्या होत्या, गाडीची किल्ली मुठीत, आणि ती मूठ दिवसभर कुणाच्यानं उघडली नाही... गाडी आवारात उभी होती. दोन पांढऱ्या पट्ट्यांच्या मधोमध, चाकं सरळ, हँडब्रेक ओढलेला. नवरा शेजारच्या सीटवर कण्हत असताना बजाजनगरपासून सगळी वाहतूक कापत आलेल्या बाईनं गाडी अशी लावली होती. माणसाचं डोकंही काय असतं बघा. मला तेव्हा वाटलं, हे दत्तूभाऊंना सांगायला हवं.

त्याला आता काही आठवडे झाले. आम्ही दोघं साडू. एकाच घरचे जावई म्हणजे एकाच दुखण्याचे दोन रोगी, असं दत्तूभाऊ म्हणायचे, आणि तेही सासऱ्यांच्या देखत. मला ते 'साडूबुवा' म्हणत. मी तापट, ते घुमे. मी वाळूजला एका कारखान्यात तपासणी खात्यात; ते पलीकडच्या एका कारखान्यात ग्राइंडिंगला, आणि तिथं त्यांनी उभा जन्म कॅमशाफ्टच घासले. घर मूळचं सोयगावकडचं, मेंढरं राखणारं. आई अजून तिथंच आहे. थोडी जमीन, थोडी मेंढरं. शहरात राहायला चला म्हटलं की म्हातारी म्हणते, "तुमच्यात तर परसाकडं जायला बी कडी लावावी लागती." म्हणून दर रविवारी दत्तूभाऊ आणि अक्का गाडीनं आईकडं जायचे, सकाळी अजिंठ्याचा घाट उतरायचा, संध्याकाळी डिकीत ज्वारीचं पोतं घालून तोच घाट चढायचा. भाऊ गेले आणि हे सगळं थांबलं. आई तिकडं, अक्का इकडं, आणि गाडी बजाजनगरच्या गल्लीत कव्हर घालून. अक्का तिला हात लावीनात. नातेवाईक म्हणू लागले, विकून टाका. तेराव्याला जेवायला आलेला एक जण तर म्हणाला, "गाडीच्या नादातच गेला बिचारा." त्याला मी ताटावरून उठवला असता, बायकोनं माझा सदरा मागून धरला होता म्हणून वाचला. अक्का पुन्हा त्या गाडीत बसणार की नाही, यावर आमचं सगळं अडून बसलं होतं. आणि अक्कांनी गाडी चालवावी हा काही कालपरवाचा विषय नाही. तो दत्तूभाऊंनी दोन वर्षं डोक्यात घोळवला होता, आणि मला त्याचा पत्ताही लागू दिला नव्हता.

गाडी पेट्रोलवरची, जुनी, मागं डिकी असलेली. इंजिन कंपनीतून आलं तसंच. सायलेन्सर तेवढा भाऊंनी मोकळा करून घेतला होता. आमच्या दोघांचं एक जुनं स्वप्न होतं, की हिला एकदा चांगला कॅमशाफ्ट बसवायचा. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो: इंजिनाच्या डोक्यात एक दांडा फिरत असतो, त्यावर अंड्याच्या आकाराचे उंचवटे असतात. उंचवटा दाबला की व्हॉल्व्ह उघडतो, पुढं सरकला की मिटतो. इंजिनानं श्वास कधी घ्यायचा आणि किती घ्यायचा ते हा दांडा ठरवतो. उंचवटा मोठा केला की श्वास मोठा. पण मोठा श्वास पळतानाच उपयोगाचा. शर्यतीचा कॅम घातलेली गाडी मोकळ्या रस्त्यावर वाघ होते आणि सिग्नलला उभी राहिली की थरथरते, गुदमरते, बंद पडते. मला अर्थातच वाघ हवा होता. दुसऱ्याच्या गाडीत वाघ घालायला आपलं काय जातं!

कोइमतूरहून एक मोठा कॅम मी ओळखीतून मागवला आणि दिवाळीला भाचीला फ्रॉक न्यावा तसा मिरवत बजाजनगरला नेला. दत्तूभाऊंनी तो दोन्ही हातांवर घेतला, बोटानं एकेक उंचवटा चाचपला आणि म्हणाले, "लई देखणा हाय." बस्स. मग आतून दुसरा एक दांडा आणला, तेलाच्या फडक्यात गुंडाळलेला. आमच्याच गाडीच्या जातीचा जुना कॅम त्यांनी चिकलठाण्याच्या एका दोस्ताकडं नेऊन स्वतः काढलेल्या मापांवर पुन्हा घासून घेतला होता. उंचवटा कंपनीच्यापेक्षा किंचित चढा, माझ्या वाघापेक्षा बराच नरम. मी म्हटलं, "हे काय? धड भात नाही, धड खिचडी नाही." ते हसले. "साडूबुवा, स्प्रिंगा कंपनीच्या, पिस्टन कंपनीचे, पेट्रोल सोडणारा डबा कंपनीचा. एकटा कॅम तेवढा शर्यतीचा. नवरी वाड्यातली आणली आन् घर दोन खोल्यांचं, कसं व्हायचं?" मी म्हटलं, "पण मिनिटाला चार हजार फेऱ्यांच्या वर गेल्यावर बघा ना ती कशी सुटते!" त्यावर ते म्हणाले, "आन् चार हजाराच्या खाली शेळी. आमच्या मायकडं शेळ्या लई हायत, आणखी एक कशाला?" तरी त्यांनी मोठा कॅम परत केला नाही. दोन्ही दांडे कपाटात शेजारी शेजारी ठेवले. त्या दिवसापासून ते दोन दांडे आमच्या दोघांत उभे राहिले. मी गेलो की विचारायचो, ठरलं का? ते म्हणायचे, "बघू."

बघू... हा शब्द आता माझ्यानं उच्चारवत नाही. कारण त्यांना दिसत नव्हतं. साखरेनं डोळ्यांचा पडदा पोखरला होता, डॉक्टरांनी गाडी चालवायला बंदी केली होती, आणि हे त्यांनी मला सांगितलं नाही. मलाही कळलं नाही, आणि माझ्या हातात दिवसभर मायक्रोमीटर असतो! तेव्हा जे जे घडलं ते समोर होतं. आम्ही कुठं निघालो की ते किल्ली माझ्याकडं टाकायचे. "तुम्ही घ्या साडूबुवा, तुमचा हात चांगला हाय." मी फुगायचो. ओट्यावर दोन ठोकळ्यांत कॅम ठेवून माप दाखवणारं डायल गेज लावलं की म्हणायचे, "वाचा बरं, माझा चष्मा आत राहिला." चष्मा त्यांच्या खिशातून डोकावत असायचा. मी मोठ्यानं आकडे वाचायचो, ते डोळे मिटून ऐकायचे आणि कुठल्या उंचवट्यावर केसभर फरक आहे ते बरोबर सांगायचे. मी मनात म्हणायचो, वा, काय एकाग्रता!

त्याच सुमारास त्यांनी अक्कांना गाडी शिकवायला काढली. सुट्टीच्या दिवशी एमआयडीसीचे रस्ते रिकामे असतात. अक्का चाकावर, भाऊ डावीकडं, मी मागं. अक्का गाडी चालवायच्या म्हणजे उकळतं दूध उतरवावं तशी. इंजिनाचा आवाज जरा चढला की घाबरून पाय उचलायच्या. गाडी गचकन बंद पडायची. मागून माझं चालूच, "अक्का, दाबा! अक्का, दाबा की!" दत्तूभाऊ मात्र एका शब्दानं बोलायचे नाहीत. खिडकीकडं तोंड करून बसायचे. मला वाटायचं, कंटाळलेत. ते तिचा पाय ऐकत होते. एकदा उतरताना स्वतःशीच पुटपुटले, "आवाजाला भेती. आवाज चढायच्या आधी ओढ पाहिजे." मी विचारलं, "काय पाहिजे?" म्हणाले, "चहा पाहिजे, चला." कुणाच्या पायाचं माप घेऊन हा माणूस कॅम घासून घेतोय, हे मला कसं कळावं?

दसऱ्याला कॅम बसवायचा असं शेवटी ठरलं. कुठला, ते नाही ठरलं. आधल्या दिवशी खंडेनवमी. आमच्या वाळूज-बजाजनगरात खंडेनवमी ही दिवाळीपेक्षा मोठी. कारखान्यात मशिनी धुऊन-पुसून, झेंडूच्या माळा घालून पूजा होते, आणि एकदा हळदकुंकू लागलं की त्या दिवशी ते हत्यार हातात धरायचं नाही. घरीही तोच नेम. गाडीचं झाकण उघडं, इंजिनाचं डोकं उघडं, जुना कॅम काढलेला. दत्तूभाऊंची आई सणाला आलेली. म्हातारीनं आणि अक्कांनी मिळून चादरीवर मांडलेल्या प्रत्येक वस्तूला हळदकुंकू लावलं: पाने, हातोडी, दोन्ही कॅम, बोल्ट, कॅमची दातेरी चकती. पाना तर पाना, अक्कांनी माझ्या चष्म्याच्या घरालाही एक बोट लावलं. आम्ही दोघं पुरणपोळी खाऊन बसलो. काम उद्या.

दसऱ्याच्या सकाळी मी हजर झालो. गल्लीत ताडपत्री बांधून सावली केली होती. दत्तूभाऊंनी फडकं घेतलं, एकेक वस्तू पुसली, मग हात लांब करून मधला, म्हणजे त्यांनी मापावर घासून घेतलेला कॅम उचलला. मोठा तिथंच राहिला, कुंकवासकट. माझा पारा चढला. कोइमतूरहून मागवलेला, इतके महिने ज्याच्यावर बोललो तो असाच राहणार? मी बोलायला लागलो तो थांबेनाच. घाबरट म्हणालो, म्हातारे झालात म्हणालो, घासण्यात जन्म घालवला आणि चालवायची हिंमत नाही असंही म्हणालो. ते ऐकत होते. मग एवढंच बोलले, "साडूबुवा, गाडी कोण चालवणार, त्यावर कॅम ठरतो." मी म्हटलं, "तुम्हीच की! दुसरं कोण?" त्यांनी मान खाली घातली आणि कॅम जागेवर बसवायला घेतला. ते उत्तर देत नाहीत म्हणून मला आणखी राग आला. मी पाना आपटला आणि मुकाट्यानं बोल्ट आवळू लागलो. सणाचा दिवस आणि आमची तोंडं सुतकातली.

कॅम बसला. आता पट्टा. खालचं चाक आणि वरची दातेरी चकती यांच्या खुणा समोरासमोर आणून पट्टा चढवायचा असतो. खूण चुकली तर व्हॉल्व्ह उघडा असताना पिस्टन वर येतो आणि दोघांची टक्कर. व्हॉल्व्ह वाकतात, इंजिन बसतं. दत्तूभाऊंनी चकतीवर स्वतःची खूण रंगाच्या पेनानं करून ठेवली होती, पिवळी. त्यांनी खूण जुळवली, पट्टा चढवला, ताण दिला. मी किल्लीकडं हात नेला. "थांबा!" ते ओरडले. "हातानं फिरवल्याबिगर नाय." लांब दांडीचा पाना खालच्या बोल्टला लावून ते इंजिन हळूहळू फिरवू लागले. फिरलं, आणखी फिरलं... आणि अडलं. अगदी हलकं, कुणी दाराला आतून पाय लावावा तसं. मी म्हटलं, "कॉम्प्रेशन असेल, आतली हवा दबतेय. जोर लावा." त्यांनी पान्यावरचा हात ढिला केला. कपाळावर घाम आला होता. पुन्हा इतकंसं रेटलं, डोळे मिटून. "नाय," ते म्हणाले. "हे कॉम्प्रेशन नाय. कॉम्प्रेशन दबतं. हे लोखंड हाय."

गल्लीत बँड वाजत होता, पोरं आपट्याची पानं घेऊन पळत होती, आणि आम्ही दोघं त्या इंजिनावर वाकलेले. मी चकतीकडं बघितलं आणि मला दोन पिवळ्या खुणा दिसल्या. एक रंगाची, बारीक, सरळ रेघ. दुसरी चार दाते सोडून, तेलात मुरलेली हळद. कुंकू पुसताना निघून गेलं होतं, हळद राहिली होती. पट्टा हळदीवर जुळवलेला होता. मी म्हटलं, "भाऊ, ही हळद आहे." मी पुन्हा म्हटलं, "अहो, ही बघा तुमची रेघ, इकडं. लहान पोराला दिसेल..." एवढं बोललो आणि माझी जीभ जागच्या जागी राहिली. ते बोटानं चकती चाचपत होते. रेघ शोधत होते, आणि बोट रेघेच्या भलत्याच बाजूला फिरत होतं... मला सगळं एकदम कळलं. किल्ली, चष्मा, आकडे, सगळं. मी त्यांना काय काय बोललो होतो सकाळपासून! "किती दिवसांपासून?" मी विचारलं. "लई दिवस झाले," ते म्हणाले. "मधलं दिसत नाय. कडंकडंचं दिसतं. तिला सांगू नका."

"मला ठाऊक हाय." अक्का दारात उभ्या होत्या, हातात चहाचे कप. "तुम्ही चहा कपाच्या भायेर वतू लागले तवाच कळलं. म्या म्हटलं, सांगतील तवा सांगतील." मग त्या चिडल्या. मी त्यांना त्याआधी कधी चिडलेलं बघितलं नव्हतं. "पण मला हे कळू द्या, तुम्ही तो लहाना दांडा का घातला? माझ्यासाठी? मी अडाणी हाय म्हणून? तुम्हाला तो मोठा आवडतो, म्या बघितलंय तुम्हाला त्याच्यावर हात फिरवताना. तुमचा आवडता घाला. मी शिकन." दत्तूभाऊ पान्याला धरून उभे होते. माझ्याकडं नाही, अक्कांकडं नाही, मधेच कुठंतरी बघत. "शिकशील," ते म्हणाले. "पण मला भ्या वाटतं ना. तू घाटात आसशील, म्होरं ट्रक आसंल, आन् ती बंद पडंल. मला दिसायचं बी नाय काय झालं ते." अक्कांनी कप ओट्यावर ठेवले. त्यातला चहा सांडला. कुणीच पुसला नाही.

शेवटी पट्टा मी बसवला, त्यांच्या रेघेवर. त्यांनी पुन्हा हातानं फिरवला. या वेळी इंजिन लोण्यासारखं फिरलं. ते म्हणाले, "आता हिला बसू द्या." नवा घासलेला कॅम पहिल्यांदा चालू केला की वीसेक मिनिटं इंजिन चढ्या फेऱ्यांवर ठेवावं लागतं. मधे मंद पडलं किंवा बंद केलं तर उंचवटे आणि त्यांच्याखालची तबकं एकमेकांशी नीट घासून बसत नाहीत. नवा कॅम पहिल्याच दिवशी खराब. अक्का चाकावर बसल्या. किल्ली फिरली, इंजिन एका झटक्यात सुरू झालं, आणि भाऊ ओरडले, "पाय तिथंच! हलवू नको!" आवाज गल्लीभर. अक्कांचा चेहरा पांढरा झालेला. आयुष्यभर ज्या आवाजाला भ्यायल्या तोच आवाज, आणि त्यातून पाय काढायचा नाही. तेवढ्यात म्हातारी आरतीचं ताट घेऊन आली. "बंद कर रं बाबा, आरती करू दे. चालू मशिनीला कुणी ववाळतं का?" भाऊ म्हणाले, "माय, थांब." म्हातारी ऐकेना. चाकाखाली लिंबू ठेवायला वाकली, खिडकीतून हात घालून सुनेला म्हणू लागली, "बंद कर गं, पाप लागल." अक्कांची नजर सासूकडं, पाय थरथरायला लागला, आवाज किंचित उतरला... "माय!" दत्तूभाऊ इतक्या मोठ्यानं ओरडले, की म्हातारीच्या हातातलं ताट हललं. आईवर आवाज चढवलेला मी त्यांना तेवढाच ऐकला. म्हातारी बघत राहिली. मग काय मनात आलं कुणास ठाऊक, तिनं तसंच, चालू इंजिनाला, धुरात उभं राहून ओवाळलं. आणि नंतर सुनेला. अक्कांचा पाय पुन्हा घट्ट झाला होता. बंद करा म्हटल्यावरही त्यांना तो पेडलवरून उचलता येईना. मी वाकून हातानं उचलला.

त्यानंतरच्या रविवारांना अक्का चालवायच्या. मी दोनतीनदा गेलो मागं बसून, आता तोंड शिवून. दत्तूभाऊ डावीकडं, काच खाली, डोळे मिटलेले. घाट चढताना इंजिनाचा सूर जरा जड झाला की म्हणायचे, "खालचा टाक." अक्का गिअर खाली टाकायच्या आणि गाडी डिकीतल्या पोत्यासकट, न कुंथता वर जायची. मधला कॅम तेच करत होता ज्यासाठी तो घासला होता. खालच्या फेऱ्यांना ओढ, उभ्या गाडीला शांतपणा. भात नाही, खिचडी नाही म्हणणाऱ्या मला खिचडीचं मोल त्या घाटात कळलं. मोठा कॅम मात्र त्यांनी मला परत नेऊ दिला नाही. कधी गेलो तर मांडीवर घेऊन बसलेले असायचे, बोटानं त्याचे उंचवटे मोजत. म्हणायचे, "देखणा हाय हो, लई देखणा हाय." मला त्यांच्याकडं बघवायचं नाही.

आणि मग ती सकाळ. अक्कांनी मला नंतर तुकड्या-तुकड्यांनी सांगितलं. थंड इंजिन, पहिल्या किल्लीला सुरू. वाटेत कामावर जाणाऱ्यांची गर्दी, कंपन्यांच्या बसा, प्रत्येक चौकात थांबणं. गाडी एकदाही बंद पडली नाही. भाऊ डावीकडं वाकून बसलेले. शेवटच्या चौकाच्या जवळपास त्यांचा हात गिअरवरच्या अक्कांच्या हातावर पडला आणि तिथंच राहिला. "मला वाटलं, गिअर टाक म्हणत्यात," अक्का म्हणाल्या. "म्या टाकला..." मी मागत होतो तो कॅम त्या गाडीत असता तर ती सकाळ कशी गेली असती, याचा विचार मी फार वेळ करू शकत नाही. डॉक्टर म्हणाले, झटका मोठा होता, आधी आणलं असतं तरी कठीणच होतं. अक्कांना ते पटलं नाही. त्यांचं एकच: "मी हळू आणलं. दाबायला पाहिजे व्हतं." आणि किल्ली देव्हाऱ्यामागं ठेवून दिली.

आठवड्यातून एकदा मी जाऊन गाडी सुरू करून यायचो, बॅटरी उतरू नये म्हणून. अक्का तेवढा वेळ आत जाऊन दार लावून घ्यायच्या. गिऱ्हाइकं येऊन गेली. मी प्रत्येकाला इंजिनाचा एकेक खोटा दोष सांगून परत पाठवलं. मग गेल्या आठवड्यात सोयगावहून निरोप आला: म्हातारीनं जेवण टाकलंय, म्हणते रविवार कुठं गेला? मी म्हटलं, अक्का, मी नेतो तुम्हाला, माझ्या गाडीनं. त्या उठल्या, देव्हाऱ्यामागून किल्ली काढली, म्हणाल्या, "तुम्ही चला संगं. पण चालवू मला द्या."

डावी सीट रिकामी ठेवायची की तिथं बसायचं, मला कळेना. अक्काच म्हणाल्या, "बसा म्होरं. पाव्हण्यावानी मागं काय बसता?" जाताना त्या इतक्या हळू चालवत होत्या की सायकली पुढं जात होत्या. घाटाच्या तोंडाशी गाडी बाजूला घेऊन थांबल्या, पदरानं तळहात पुसले, मग घाट उतरलो. म्हातारीनं सुनेला धरून जे रडून घेतलं ते इथं लिहिणार नाही. जेवली मात्र. निघताना नेहमीसारखं ज्वारीचं पोतं डिकीत टाकायला लावलं, आणि स्वतःचं गाठोडं घेऊन मागच्या सीटवर चढली. "चार दिस राहीन," म्हणाली. "कडी लावून."

संध्याकाळी घाट चढायला लागलो. गाडी भरलेली, पुढं उसाचा ट्रक रडतखडत चाललेला, मागं बसवाला हॉर्न देतोय. तीव्र वळण आलं आणि इंजिनाचा सूर जड व्हायला लागला. अक्कांचे दोन्ही हात स्टिअरिंगवर घट्ट. बंद पडली तर मागं बस आहे, आणि पुन्हा ही बाई जन्मात चाकाला हात लावणार नाही. ज्यांनी सांगायचं ते नाहीत, तर आता आपणच सांगायला हवं, म्हणून मी तोंड उघडलं, "अक्का, खालचा..."

"दाजी, गप बसा जरा," अक्का म्हणाल्या. नजर रस्त्यावर, मान किंचित इंजिनाकडं कललेली. "ऐकू द्या मला."

मी गप्प बसलो. त्यांनी आणखी क्षणभर ऐकलं, गिअर खाली टाकला, आणि ट्रकच्या बाजूनं वर निघाल्या.